डाव्या अंगाची तिसरी पट्टी

दालकावेच्या धक्क्यावर, मासळीच्या बर्फघरामागे
एदुविना बार्रियाचं दुकान.
पाटीवर नाव नवऱ्याचं, ओतोनिएलचं,
आणि तो जाऊन आठ महिने झालेले.
मी तेव्हा तेरा वर्षांचा, जुनं मेण खरवडायला लागलो.
पहिल्या हिवाळ्यात चार गिऱ्हाइकं.
चौथा छत्री घेऊन आला होता.

आमच्या बेटावरची ओल
आधी अकॉर्डियनमध्ये शिरते, मग माणसांच्या गुडघ्यांत.
भात्याच्या घडीघडीत बुरशी, पट्ट्यांवर गंज.
म्हणजे कामाला तोटा नव्हता.
पण लोक घोगऱ्या पेट्या तशाच रेटायचे
आणि म्हणायचे, ओतोनिएल होता तोवर ठीक होतं.
बाई बघेल, हे दोन शब्द
कुणाच्या जिभेवर येईनात.

मग मान्सियांचं घर ओढायचा दिवस आला.
बैलांच्या बारा जोड्या, ओंडक्यांवर अख्खं लाकडी घर,
खिडकीचे पडदेसुद्धा काढले नव्हते.
टेकडीवरून खाली उतरवलं, मग जेवणं, मग नाच.
वाजवायला सेगुंदो कार्कामो.
एदुविनाने घास अर्धा ठेवला.
म्हणाली, "डाव्या अंगाची तिसरी पट्टी. मेण सुटलंय.
फार तर दोन नाच."
सेगुंदो हसला. त्याची बायको जास्त हसली.
पहिला नाच पार पडला.
दुसऱ्याच्या मध्यावर पेटीत काहीतरी खडखडलं,
बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात नाणं पडावं तसं,
आणि अंगणभर पावलं तशीच थांबली.

सोमवारी दारात सात पेट्या.
दोन तर पलीकडच्या बेटावरून, होडीत, पोत्यात गुंडाळलेल्या.
एकाने विचारलं, "कान तरी कसा लावता हो?"
ती म्हणाली, "मंगळवारी या."

रात्री राळ वितळवताना ती मला म्हणाली,
कान कसला डोंबलाचा.
ती पट्टी मीच बसवली होती.
ओतोनिएलची नजर गेली त्याला सहा वर्षं झाली होती, बाळा,
हात माझे होते, नाव त्याचं.
आणि त्या साली मधमाशीचं मेण परवडलं नाही,
म्हणून चर्चमधल्या मेणबत्त्यांची बुडखं वितळवली.
अकरा पेट्यांत तेच मेण आहे.
दहा अजून वाजतायत.

मला वाटलं, हे आता आपल्या दोघांतच राहणार.
ती कढई पुसत होती.
सकाळी तिने बूट घातले, अकरा नावांचा कागद घेतला,
आणि माझ्या खांद्यावर हत्यारांची पिशवी दिली.

दीर म्हणाला, वहिनी, आत्ता कुठे नाव होतंय,
स्वतःच्या हाताने काय माती टाकतेस?
तिने दाराला कडी लावली, किल्ली त्याच्याच हातात दिली.

एकेका उंबऱ्यावर तेच वाक्य:
"मी वाईट मेण वापरलं होतं. पैसे नकोत. पेटी आणा."
एका म्हातारीने दार आपटलं.
एकाने कोंबडी दिली.
एकाची पेटी केव्हाच विकलेली, तरी त्याने बसवून घेतलं,
आणि विकत घेणाऱ्याचा पत्ता दिला.
दहावा माणूस दूर पुंता अरेनासला; त्याला पत्र.
सेगुंदोची पट्टी शेवटी बसवली.
त्याच्या बायकोने चहात साखर जरा जास्तच घातली.

पुढच्या वर्षी लोक येऊन विचारायचे,
"खरं सांगणारी बाई हीच का?"
कानाबद्दल कुणी विचारीना.
तिला त्याचं थोडं वाईट वाटायचं, मी पाहिलंय.

आता माझं दुकान पुएर्तो मोंतला.
गिऱ्हाईक विचारतं, तुम्ही या कामातले जाणकार ना?
मी हो म्हणतो. धंदा आहे.
पण खणात एक वही आहे,
तिच्यात फक्त माझी चुकलेली कामं, तारखांसकट.
सदतीस झालीत.
उंबऱ्यांपर्यंत गेलोय एकोणिसांच्या.

दालकावेला पाटी अजून तीच, ओतोनिएलची.
मी रंगवून देतो म्हणालो होतो.
ती म्हणाली, राहू दे,
आता कुणी वाचत नाही.